चीनची मालवाहू विमाने आणि आमचे खरेदीदार

चीनच्या हवाई दलाची प्रचंड मालवाहू विमाने एखाद्या धावपट्टीवर रांगेने उभी असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की आपल्याकडे एक ठरीव नाटक सुरू होते. पहिल्या अंकात निवृत्त सेनाधिकारी दूरचित्रवाणीवर येऊन धोक्याची घंटा बडवतात. दुसऱ्या अंकात अग्रलेखांतून 'राष्ट्राच्या संरक्षणात राजकारण आणू नका' असा उपदेश होतो. तिसऱ्या अंकात परदेशी विमान-कंपन्यांची माहितीपत्रके दिल्लीत वाटली जातात आणि पडदा पडतो तो एका नव्या खरेदीच्या प्रस्तावावर. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या आणि तिकिटाचे पैसेही भरायचे, एवढीच त्यांची भूमिका.

ज्या विमानामुळे ही घंटा वाजते त्याची माहिती प्रथम नीट पाहू. शिआन शहराच्या यानलिआंग भागातील कारखान्यात तयार होणारे 'युन-२०' हे विमान २६ जानेवारी २०१३ रोजी प्रथम आकाशात गेले आणि जुलै २०१६ मध्ये चिनी हवाई दलात रुजू झाले. 'युन' म्हणजे वाहतूक. सुमारे २२० टन उड्डाणवजनाचे हे विमान ६६ टनांपर्यंत भार वाहते, असा चिनी दावा आहे. म्हणजे एक पूर्ण वजनाचा रणगाडा पोटात घेऊन ते उडू शकते. हवेत इंधन पुरवणारी त्याची आवृत्ती पुढे सेवेत आली, आणि नव्या चिनी इंजिनांची आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये झुहाईच्या प्रदर्शनात दाखवण्यात आली. या जातीच्या विमानांची संख्या परदेशी अभ्यासक पन्नासच्या पुढे धरतात. अमेरिकेच्या हवाई दलाकडे सी-१७ जातीची २२२ विमाने आहेत हे लक्षात घेतले तर चीन अद्याप पुष्कळ मागे आहे. पण २०१६ पूर्वी हा आकडा शून्य होता. तेव्हा ही वाढ खरी आहे, वेगाची आहे, आणि ती नाकारण्यात काहीच शहाणपण नाही.

माझा वाद तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी आहे. चीनकडे विमाने आहेत, म्हणून आपणही विमाने विकत घ्यावीत, असे आपल्याला सांगितले जाते. वस्तुतः चीनच्या या कथेचा बोध याच्या नेमका उलट आहे. विकत घेण्याचा मार्ग बंद झाला तेव्हा चीनने विमाने घडवणारी संस्था उभी केली. आपल्यापुढे तोच प्रसंग आला तेव्हा आपण दुसरे दुकान शोधायला निघालो.

दुकान बंद झाले तेव्हा

२००५ साली चीनने रशियाशी करार करून इल्युशिन जातीची ३८ विमाने मागवली. त्यांपैकी ३४ मालवाहू होती, ४ इंधन पुरवणारी. ती बनायची होती उझबेकिस्तानात ताश्कंदच्या कारखान्यात. सोव्हिएत संघराज्य विस्कटल्यानंतर त्या कारखान्याची रया गेलेली होती. ठरलेल्या किमतीत, ठरलेल्या मुदतीत विमाने देणे त्याला शक्य झाले नाही आणि करार बारगळला. पैसा हातात होता; माल देणारा कोणी नव्हता.

त्यानंतर तीन वर्षांनी, १२ मे २००८ रोजी, सिचुआन प्रांतात वेनचुआनचा भूकंप झाला. सुमारे ६९ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि १८ हजारांचा पत्ता लागला नाही. डोंगरातले रस्ते तुटले होते. १५ छत्रीधारी सैनिकांनी सुमारे पाच हजार मीटर उंचीवरून, खालची काहीही माहिती नसताना, उड्या घेतल्या. त्यांच्या धैर्याचे जे कौतुक झाले ते योग्यच होते. पण एवढ्या मोठ्या देशाला डोंगरापलीकडची खबर आणण्यासाठी १५ माणसांचे प्राण पणाला लावावे लागले, हे त्या कौतुकाआड लपण्यासारखे नव्हते. त्याच आठवड्यात मदतसाहित्य घेऊन चेंगडूच्या विमानतळावर जी अवजड विमाने उतरली त्यांत दोन सी-१७ विमाने अमेरिकेच्या हवाई दलाची होती.

मोठ्या विमानाचा संकल्प मात्र भूकंपापूर्वीच झालेला होता. २००६ च्या दीर्घ पल्ल्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान योजनेत 'मोठे विमान' हा विषय राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रकल्पांत घातला गेला आणि २००७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. सहा वर्षांत पहिले उड्डाण झाले, नवव्या वर्षी विमान सेवेत आले. फेब्रुवारी २०२० मध्ये वुहान शहर साथीने कोंडले गेले तेव्हा १३ तारखेला जी ११ लष्करी विमाने वैद्यकीय पथके घेऊन तेथे गेली, त्यांत सहा युन-२० होती.

जोडणीच्या शाळेत आराखडा शिकवत नाहीत

या यशाची दोन स्वस्त स्पष्टीकरणे आपल्याकडे ऐकू येतात. पहिले असे की त्यांनी सारे चोरले. सी-१७ विमानाची गुप्त माहिती पळवण्याच्या कटात सामील असल्याची कबुली सू बिन नावाच्या चिनी व्यावसायिकाने २०१६ मध्ये अमेरिकन न्यायालयात दिली आणि त्याला ४६ महिन्यांची शिक्षा झाली, हे खरे आहे. परंतु चोरलेल्या कागदातून विमान तयार होत नाही. पंखांचे आणि सांगाड्याचे प्रचंड सुटे भाग एकसंध घडवायला तितकेच प्रचंड दाबयंत्र लागते. सिचुआनमधील देयांग येथे सार्वजनिक मालकीच्या अवजड यंत्रांच्या कारखान्यात ८० हजार टनांचे असे यंत्र २०१२-१३ च्या सुमारास उभे राहिले. ते कोणाच्या खिशातून पळवून आणता येत नाही. त्यासाठी पोलाद लागते, धातुशास्त्रज्ञ लागतात, तीस वर्षे एकाच कामावर टिकलेले कारागीर लागतात; आणि नफ्याची वाट न पाहता भांडवल अडकवून ठेवणारा मालक लागतो. असा मालक शेअरबाजारात सापडत नाही.

दुसरे स्पष्टीकरण खाजगीकरणाच्या भाटांचे. त्यांच्या मते चीनने बाजारपेठ खुली केली म्हणून हे घडले. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. चीनने १९७० च्या दशकात शांघायमध्ये 'युन-१०' नावाचे चार इंजिनांचे प्रवासी विमान हाती घेतले होते. ते सप्टेंबर १९८० मध्ये उडाले आणि १९८४ मध्ये ल्हासापर्यंत जाऊन आले. बाजारपेठेचे वारे वाहू लागले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते बंद पडले. घरच्या विमानापेक्षा परदेशी विमान जोडणे फायद्याचे, हा तेव्हाचा हिशेब होता. मॅकडोनेल डग्लस या अमेरिकन कंपनीशी करार झाला आणि शांघायच्या कारखान्यात एमडी-८० मालिकेतील ३५ विमाने जोडण्यात आली. पुढे १९९७ मध्ये ती कंपनी बोइंगने गिळली आणि विमानांची ती मालिकाच संपुष्टात आली. इतकी वर्षे जोडणी करून चीनच्या हाती आराखडा आला नाही. स्क्रू कोठे बसवायचा हे कळले. तो तेथेच का बसवायचा हे कळले नाही.

जे टिकले ते निराळ्याच ठिकाणी टिकले. शेन्शी प्रांतात, समुद्रकिनाऱ्यापासून दूर, सोव्हिएत अंतोनोव विमानाच्या नमुन्यावरून 'युन-८' हे साधे, चार पंख्यांचे मालवाहू विमान तयार होत होते. ते १९७४ च्या डिसेंबरात प्रथम उडाले. त्याचे कोणी कौतुक केले नाही. पण उत्पादन चालू राहिले आणि माणसे कामावर राहिली. त्यातूनच पुढे 'युन-९' आले. मोठ्या विमानाची पहिली तुकडी रशियन इंजिनांवर उडाली. स्वतःचे इंजिन तयार नाही म्हणून विमान अडवून ठेवले नाही, आणि रशियन इंजिन मिळते आहे म्हणून स्वतःच्या इंजिनाचे कामही थांबवले नाही. अर्थशास्त्रात शिकण्यालाही किंमत असते आणि ती आरंभी तोट्याच्या रूपाने मोजावी लागते, हा धडा आहे. तोटा पाहून शाळा बंद करणाऱ्याला पदवी कोठून मिळणार?

कानपूरपासून वडोदऱ्यापर्यंत

हवाई वहनक्षमतेचे मोल आपल्याला चीनने शिकवायला नको. मे १९४८ मध्ये लेहच्या कच्च्या पट्टीवर डाकोटा विमान उतरले म्हणून लडाख हातचे गेले नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये अंतोनोव-१२ विमानांनी हलके रणगाडे चुशूलला पोहोचवले. २०२० मध्ये गलवाननंतर ६८ हजारांहून अधिक जवान विमानांनी लडाखला नेण्यात आले, असे संरक्षण खात्यातील सूत्रांच्या हवाल्याने २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि विमान घडवण्याचा आरंभही आपण उशिरा केलेला नाही. कानपूरला ब्रिटिश परवान्यावर जोडलेले पहिले ॲव्हरो विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. युन-८ च्या १३ वर्षे आधी! हिंदुस्थान एरोनॉटिक्सने अशी ८९ विमाने तयार केली. त्यानंतर काय व्हायला हवे होते? त्याच हातांना त्याहून मोठ्या विमानाचा आराखडा द्यायला हवा होता. झाले ते असे की मोठी विमाने सोव्हिएत रशियाकडून आली आणि कानपूरच्या वाट्याला जर्मन परवान्यावरचे छोटे डॉर्नियर आले. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने घडवलेल्या 'सारस' विमानाला मार्च २००९ मध्ये अपघात झाला, हवाई दलाचे तीन जण त्यात गेले, आणि प्रकल्प गोठला. सुधारलेल्या सारसचे उड्डाण व्हायला जानेवारी २०१८ उजाडले. रशियाबरोबर मध्यम मालवाहू विमान बनवण्याचा २००७ चा करार दशकभर कागदावर राहून विरला.

आता खरेदीचे पाहा. २०११ मध्ये सुमारे ४.१ अब्ज डॉलरला दहा सी-१७ घेण्याचे ठरले. पुढे आणखी तीन हवी होती. परंतु तोपर्यंत अमेरिकेतील लाँग बीचचा कारखाना २०१५ मध्ये बंद झालेला होता आणि एकच विमान शिल्लक उरले होते. ते २०१९ मध्ये आपल्याला मिळाले. चीनला ताश्कंदमध्ये जो अनुभव आला तोच आपल्याला कॅलिफोर्नियात आला. जी ११ विमाने आली ती तरी पुरती वापरता येतात काय? नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६ मध्येच दाखवून दिले की ही विमाने क्षमतेहून पुष्कळ कमी भार घेऊन उडत होती. पुरेशा मजबूत धावपट्ट्या आणि जमिनीवरची साधनसामग्रीच अपुरी होती.

हवाई दलाचे रोजचे ओझे १९८४ पासून वाहणाऱ्या अंतोनोव-३२ विमानांच्या नूतनीकरणाचा करार २००९ मध्ये युक्रेनशी झाला. चाळीस विमाने तेथे सुधारली गेली. उरलेली कानपूरला सुधारायची होती. २०१४ मध्ये रशिया-युक्रेन संघर्ष पेटला आणि सुट्या भागांचा पुरवठा अडला. दोन परक्या देशांचे भांडण आणि आपली विमाने जमिनीवर! याच जातीचे विमान जुलै २०१६ मध्ये २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसे झाले. त्याचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये सापडले. जून २०१९ मध्ये अरुणाचलच्या डोंगरात आणखी १३ जण गेले. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात आणि त्यांचा निवाडा तज्ज्ञांनी करावा. परंतु बदली विमानच नसल्यामुळे जवानांना जुन्या विमानांत बसावे लागते, एवढे कळायला तज्ज्ञ लागत नाहीत.

ॲव्हरोच्या जागी नवे विमान घ्यायचे २०१२ मध्ये ठरले. २०१३ च्या निविदेत अट अशी होती की परदेशी कंपनीचा भारतीय भागीदार खाजगी क्षेत्रातलाच हवा. ज्या सार्वजनिक संस्थेने ८९ ॲव्हरो तयार केली तिलाच तिच्या वारसाहक्काच्या कामातून नियमाने वगळले. स्पर्धेने कार्यक्षमता वाढते असे सांगणाऱ्यांच्या या स्पर्धेत निविदा आली अवघी एक. सप्टेंबर २०२१ मध्ये ५६ सी-२९५ विमानांचा २१,९३५ कोटी रुपयांचा करार झाला. १६ विमाने स्पेनमधून तयार होऊन यायची आणि ४० वडोदऱ्याला टाटांच्या कारखान्यात बनवायची. या विमानाचा भार आहे नऊ-दहा टन. त्याची युन-२० शी तुलना करू नये, हे मला मान्य आहे. पण कालावधीची तुलना कशी टाळणार? निर्णयापासून करारावर सही होईपर्यंत आपल्याला नऊ वर्षे लागली. तेवढ्याच वर्षांत चीनचे विमान कोऱ्या कागदावरून सैन्यात पोहोचले.

आणि आपण महाराष्ट्रीयांनी काय केले? ऑक्टोबर २०२२ मध्ये हा प्रकल्प नागपूरच्या मिहानमध्ये न येता गुजरातला गेला म्हणून सर्व पक्षांनी एकमेकांच्या नावाने शंख केला. रोजगार गेल्याचे दुःख खरे आहे; विदर्भातील बेकार तरुणाच्या दृष्टीने ते लहानही नाही. परंतु कारखाना नागपूरला उभारला असता तरी आराखडा स्पेनचाच राहिला असता आणि इंजिनही परकेच असते. शांघायने जोडलेल्या ३५ विमानांचा धडा आपण वाचलेला नाही. जोडणी कोठे व्हावी यावर रणकंदन झाले. आराखडा कोणी काढावा, हा प्रश्न विधानसभेत ना सत्ताधाऱ्यांनी विचारला, ना विरोधकांनी. २०२२ च्या अखेरीस १८ ते ३० टनी विमानासाठी पुन्हा जी विचारणा काढण्यात आली, तिच्याभोवती अमेरिका, ब्राझील आणि युरोपातील कंपन्याच फिरू लागल्या. हेच नाटक, नवे नट.

भयाचे माप आणि भक्तीचे माप

घंटा बडवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिबेटच्या पठारावर विमान हे सर्वशक्तिमान वाहन नाही. ल्हासाजवळचा गोंगगार विमानतळ ३,५७० मीटर उंचीवर आहे, न्गारीचा ४,२७० मीटरहून अधिक. विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, पंखांना उचल कमी मिळते आणि ६६ टनांचा आकडा माहितीपत्रकातच राहतो. तीन हजार टनांची एक मालगाडी जे वाहते त्यासाठी पूर्ण भाराची ४६ विमाने लागतील. चीनने २००६ मध्ये गोलमुड ते ल्हासा आणि २०२१ मध्ये ल्हासा ते निंगची रेल्वे नेली, ती यासाठीच. विमान पहिल्या दोन दिवसांचे काम करते; पुढचे दोन महिने रूळ आणि रस्ते करतात. सीमेची चिंता करणाऱ्यांनी रुळांचाही हिशेब मांडावा. रूळ विकण्यात दलाली कमी मिळते, म्हणून तो मांडला जात नाही की काय, न कळे!

तथापि आपल्या बाजूच्या काही मित्रांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. चीनच्या प्रत्येक कारखान्याकडे बोट दाखवून 'पाहा समाजवाद' म्हणण्याची त्यांना सवय आहे. कारखाना सरकारचा आहे एवढ्याने तो जनतेचा ठरत नाही. जून १९८९ मध्ये पेकिंगच्या रस्त्यांवर निःशस्त्र विद्यार्थी आणि कामगारांवर जे सैन्य घालण्यात आले, त्यात हुबेई प्रांतातून आणलेल्या छत्रीधारी कोअरच्या तुकड्या होत्या. दूरच्या प्रांतातून राजधानीत सैनिक झटपट पोहोचवण्याची क्षमता भूकंपग्रस्तांच्या उपयोगी पडते, तशीच हुकूमशहांच्याही. जी विमाने जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीने होरपळलेल्या टोंगाला मदत घेऊन गेली, त्याच जातीची सहा विमाने एप्रिलमध्ये क्षेपणास्त्रे घेऊन बेलग्रेडला उतरली. मे २०२१ मध्ये सोळा चिनी लष्करी वाहतूक विमाने बोर्निओच्या किनाऱ्याजवळ आली तेव्हा मलेशियासारख्या लहान राष्ट्राला आपली लढाऊ विमाने आकाशात पाठवावी लागली. या विमानांवर किती खर्च व्हावा आणि ती कोठे जावीत, हे विचारण्याचा अधिकार चिनी शेतकऱ्याला नाही. उत्पादनाची साधने सार्वजनिक आणि सत्ता मूठभरांच्या हाती, या व्यवस्थेला लोकशाही समाजवादी चळवळीने कधीही समाजवाद म्हटलेले नाही. आजही म्हणू नये.

हुकूमशाही असल्यामुळेच चीनला हे जमले, असा युक्तिवाद यावर कोणी करील. मग शांघायचे युन-१० त्याच हुकूमशाहीत का बंद पडले? आणि लोकशाही ब्राझीलने १९६९ मध्ये सरकारी मालकीची एम्ब्रेअर कंपनी काढून विमाने घडवण्याची परंपरा कशी निर्माण केली? ती कंपनी पुढे १९९४ मध्ये खाजगी झाली. पण तिच्यापाशी विकण्याजोगे जे ज्ञान होते ते सरकारी पैशाने आणि २५ वर्षांच्या धीराने जमवलेले होते. आज त्याच कंपनीचे मालवाहू विमान आपल्याला विकायला येते. धीर धरण्यासाठी हुकूमशहा लागत नाही. आपल्या राज्यकर्त्यांनी २०१८ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे भाग बाजारात विकले. त्या विक्रीचा पैसा सरकारी तिजोरीत गेला. आराखड्याच्या टेबलापर्यंत पोहोचला नाही. धीर संपला तो असा.

तेव्हा समाजवाद्यांची मागणी स्पष्ट असली पाहिजे. मालवाहू विमानांच्या आराखड्यासाठी कायमस्वरूपी सार्वजनिक संस्था स्थापन करावी. तिला किमान वीस वर्षांच्या निधीची कायद्याने हमी असावी. एक अपघात किंवा एक सत्तांतर यामुळे तिचे काम थांबता कामा नये. हिंदुस्थान एरोनॉटिक्सला निविदेतून वगळणारी अट पुन्हा कोणत्याही करारात घातली जाऊ नये. आजच्या तातडीच्या गरजेसाठी काही विमाने बाहेरून घ्यावी लागतील, ती जरूर घ्यावीत. जवानाला जुन्या विमानात बसवून स्वावलंबनाचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण अशा प्रत्येक खरेदीबरोबर आराखड्याचे कोणते ज्ञान या देशात आले, याचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक असावे. आणि वादळात, पुरात, भूकंपात ही विमाने किती तासांत पोहोचली, याचाही हिशेब त्याच अहवालात असावा. कारण त्यांचा पैसा भरणारे लोक सीमेवर राहतात तसे नदीकाठीही राहतात.

पुढच्या खेपेस यानलिआंगच्या धावपट्टीचे छायाचित्र छापून येईल आणि घंटा वाजू लागेल, तेव्हा आपल्या खासदारांनी संरक्षणमंत्र्यांना एकच प्रश्न विचारावा: मालवाहू विमानाचा स्वतंत्र आराखडा काढण्याच्या कामावर कानपूर आणि बंगळुरू येथे आज किती अभियंते नेमलेले आहेत, आणि त्यांना किती वर्षांचे काम दिलेले आहे?